तपासणीची रंगीत तालीम

संपादकांचा निरोप आला, तुमच्या नोकरीवर दिवाळी अंकासाठी लिहा, पण नकला नकोत. म्हणजे हलवायाला सांगायचं, साखर सोडून काय ते कर. माझी नोकरीच मुळात नकलेवर लागली, त्याला मी काय करू?

वाईला शाळेत होतो तेव्हा मी घाटावरच्या गुरुजींपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. हेडमास्तरांची नक्कल एकदा हेडमास्तर मागं उभे असताना केली. वर्गातली पोरं हसायची एकदम थांबली तेव्हा मला कळलं, पण तोवर मी रंगात आलो होतो. पुढं कसाबसा बी.ए. झालो आणि सांगलीला एका छोट्या संस्थेत मुलाखतीला गेलो. संस्था चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे नाना म्हणतात. नानांनी विचारलं, टायपिंग येतं का? म्हटलं, नाही. हिशोब? म्हटलं, जेमतेम. मग येतं तरी काय? मी तिथल्या तिथं बाहेरच्या शिपायाची नक्कल करून दाखवली. त्यानं मला "साहेब मिटिंगमधी हायत" म्हणून तासभर बसवलं होतं, आणि आत नाना एकटेच शेंगा फोडत बसले होते. नानांनी शेंगांची पुडी बाजूला सारली, पोट धरून हसले आणि म्हणाले, "उद्यापासून ये. सरकारी साहेबाची जमेल का?"

आता आमचा धंदा काय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला मागचा पुढचा संदर्भ लागेल. गर्द नावाची पावडर आमच्याकडे मुंबईहून आली. ट्रकवाल्यांबरोबर आली, माथाडीत हमाली करायला गेलेल्या पोरांबरोबर आली. पोरं ती कागदावर ठेवून खालनं जाळतात आणि धूर ओढतात, काही जण सुईनं घेतात. दारू माणसाला वर्षानुवर्षं मारते. गर्दचं तसं नाही. माप चुकलं की श्वास हळू होतो आणि थांबतो. घरच्यांना वाटतं पोरगं झोपलंय.

हे थांबवायला गावोगावची मंडळं धडपडत असतात. कुणी दोन खोल्या घेतं, चार कॉट टाकतं, डॉक्टरच्या हातापाया पडतं. अशा केंद्रांना सरकारचं अनुदान मिळतं. पण ते मिळवायचं तर मंडळ नोंदलेलं पाहिजे, मागच्या वर्षांचं ऑडिट पाहिजे, जागेचा करार पाहिजे, आणि शेवटी एक साहेब येऊन सगळं डोळ्यांनी बघून जाणार. कागदाचं काम नाना करतात. साहेबाचं काम माझ्याकडं.

म्हणजे असं, की खरा साहेब यायच्या आधी आठवडाभर मी साहेब होऊन जातो. काळा गॉगल, बगलेत फाईल, खिशाला दोन पेनं, पोट जरा पुढं. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीकडं संशयानं बघायचं. मग एकेक प्रश्न विचारायचा आणि मंडळाची माणसं काय बोलतात ते ऐकायचं. आमच्याकडची माणसं साहेबापुढं खोटं बोलतात ते फसवायला नाही, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून. साहेबानं विचारलं पाणी येतं का, तर नळ कोरडा असला तरी "येतंय की" म्हणणार. ती सवय मोडायची, ही माझी नोकरी.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. वाईकडच्या एका मंडळाला अनुदानातनं कर्णा आणि मोठा स्पीकर पाहिजे होता. गणपतीत व्यसनमुक्तीच्या घोषणा देणार म्हणाले. मी साहेबाच्या आवाजात विचारलं, समजा एखादा व्यसनी माणूस तुमच्या दारात आला, तर काय कराल? अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "दारात उभा करनार न्हाई साहेब, हाकलून लावू." औंधजवळच्या एका निवृत्त गुरुजींचं उलटं. गरज दिसली पाहिजे असं मी म्हटलं होतं, तर त्यांनी सगळं गावच व्यसनी करून टाकलं. मिसरी लावणारी सरपंचांची आई त्यात, तपकीर ओढणारे गुरुजी स्वतः त्यात. मी म्हटलं, गुरुजी, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, प्रामाणिकपणा कुठनं तरी सुरू करायला पाहिजे.

पण मला सांगायचंय ते कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावाचं. गावाचं नाव घालत नाही. तिथल्या दोन माणसांना चालणार होतं, तिसऱ्याला विचारायचं राहिलं.

त्या गावात केंद्र उभं केलं होतं सुभेदार तात्यांनी. फौजेतनं निवृत्त, मिशा टोकदार, बोलण्यात निम्मी फौज. जेवायला बसताना "फॉलिन" म्हणायचे. केंद्र चालायचं त्यांच्या पेन्शनीवर, आणि मिरजेचा एक तरुण डॉक्टर स्वतःच्या पेट्रोलवर आठवड्यातनं एकदा येऊन जायचा, त्याच्यावर. गर्दुल्ल्यांना गावात कुणी जागा देईना, तेव्हा बौद्धवस्तीनं विहाराशेजारच्या आपल्या दोन खोल्या दिल्या. दिल्या म्हणजे सिंधूताईंनी मिळवल्या. सिंधूताई त्याच वस्तीतल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला, निवृत्त झाल्या आणि केंद्रात कामाला लागल्या. तात्या त्यांना सिस्टर म्हणायचे. अनुदान मिळालं नाही तर पावसाळ्यानंतर केंद्र बंद करावं लागेल, हे दोघांनीही मला पहिल्याच भेटीत सांगितलं. सिंधूताईंनी सरळ सांगितलं, तात्यांनी इंग्रजीत.

केंद्रात तेव्हा सहा-सात पोरं होती. त्यातला बाप्या ट्रकवरचा क्लीनर. हडकुळा, पण गोष्टी सांगायला एक नंबर. त्याचा वस्ताद म्हणजे ड्रायव्हर त्याला कशा हाका मारायचा ते तो सांगायचा, आणि मी ती हाक लगेच उचलली. घोगरा आवाज, तोंडात तंबाखू: "बाप्याऽ, टायर बगितलं का रं?" पहिल्यांदा मी ती मारली तेव्हा बाप्या कॉटवरनं टुणकन उठून उभा राहिला आणि "व्हय वस्ताद" म्हणाला. सगळी खोली हसली. नंतर मला बघितलं की तोच म्हणायचा, "वस्तादाला बोलवा की वो जरा."

सिंधूताईंनी एकदा मला या धंद्यातली खरी भीती समजावून सांगितली. मला वाटायचं, गर्द ओढणारा मरतो. त्या म्हणाल्या, सोडलेला मरतो. "हमालागत हाय बग. रोज पोतं उचलनाऱ्याला पोतं जड न्हाई. त्यो आजारी पडून महिनाभर निजला, उठला, आन पयल्याच दिशी तेच पोतं पाठीवर घेतलं तर? मोडलाच की. ह्यांचं तसंच. आंग इसरलेलं आसतं, मन न्हाई इसरत. मन जुनंच माप मागतं." म्हणून घरच्यांनी शपथा घालून, कोंडून, देवाला नेऊन पोरगं बरं केलं की ते जास्त धोक्यात. त्याला हे कुणी सांगत नाही. सांगायचं म्हणजे परत घेशील असं धरून चालायचं, आणि ते कुठल्या आईच्या तोंडून येईल?

डॉक्टरनं सिंधूताईंना एक सुई देऊन ठेवली होती, थांबत चाललेला श्वास परत आणणारी. केंद्राला तसलं औषध घ्यायची ऐपत नव्हती. ती एकुलती एक सुई सिंधूताई आपल्या पिशवीत रुमालात गुंडाळून घेऊन फिरायच्या.

तर मी रंगीत तालीम घ्यायला गेलो. तात्या अटेन्शनमध्ये. मी गॉगल लावून कॉट मोजल्या, चादरीला बोट लावून बघितलं, तात्या खूश. मग मी विचारलं, "तुमच्या गावात या कारणानं किती माणसं दगावली?"

तात्या म्हणाले, "निल, साहेब."

सिंधूताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाकीची माणसं जमिनीकडं. मी साहेबाच्या आवाजात परत विचारलं. परत निल. मी गॉगल काढला आणि माझ्या आवाजात सांगितलं, तात्या, इतर ठिकाणी सरकारला गाव चांगलं दाखवावं लागतं, इथं दुखणं दाखवावं लागतं. दुखणंच नाही म्हटल्यावर औषधाला पैसे कोण देईल? तात्या म्हणाले, समजलं. पुढचा प्रश्न.

परत जाताना सिंधूताई एस.टी.च्या थांब्यापर्यंत आल्या. त्यांनी सांगितलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांचा मुलगा अनिल माथाडीत होता. गर्दला लागला, तात्यांनी घरी आणून मळ्यातल्या खोलीत ठेवून सोडवलं. पोरगं तालमीत जायला लागलं, अंगावर मांस आलं. मग मित्राच्या लग्नाला म्हणून मुंबईला गेलं, किरकोळ बाब म्हणून कुणी अडवलं नाही, आणि परत आलं ते कापडात. गावात सांगितलं, झटका आला. धाकट्या बहिणीची सोयरीक पुढं जुळवायची होती. त्यानंतर वर्षभरानं तात्यांनी केंद्र काढलं, पण झटका तो झटकाच राहिला. आणि तात्यांच्या घरात झटका म्हटल्यावर गावात ज्यांची ज्यांची पोरं गेली, त्यांनी पण झटकाच धरला.

तपासणीच्या दिवशी मी सकाळी पोचलो तर केंद्र ओळखू येईना. रस्त्याकडेच्या दगडांना आलटून पालटून चुना आणि गेरू. दारात रांगोळी. कॉटवरच्या चादरी अशा ताणलेल्या की वर नाणं टाकलं तर उडावं. आणि कॉटवर माणूस नाही. एकही नाही.

मी म्हटलं, तात्या, पेशंट कुठायत?

"औंधाला. यमाईच्या दर्शनाला धाडलं टेम्पोत. बटालियनचा साहेब येतो तवा सिक रिपोर्टवाली मानसं लायनीत उभी करत न्हाईत, गड्या. इन्स्पेक्शन क्लीन पायजे."

सिंधूताई रात्रभर आजारी बहिणीकडं होत्या, त्याही माझ्या मागोमाग आल्या. त्यांनी कॉटकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, तेवढ्यात जीप आली.

साहेब माझ्या साहेबासारखा अजिबात नव्हता. गॉगल नाही, पोट नाही. बारीक आवाजाचा, चहा नको म्हणणारा, कोमट पाणी मागणारा माणूस. तात्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी रिकाम्या खोल्या बघितल्या, कॉट बघितल्या, वाकून कॉटखाली बघितलं. विचारलं, रुग्ण? तात्या म्हणाले, सगळे बरे, साहेब. विचारलं, मृत्यू? तात्या म्हणाले, निल.

साहेबांनी फाईल मिटली. रागानं नाही, हळूच. म्हणाले, जागा फार स्वच्छ ठेवलीय तुम्ही. पण इथं गरज दिसत नाही. मला दिसेल तेच मी लिहू शकतो.

तात्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं. आयुष्यभर ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली, तिच्यावरच आता ते नापास होत होते, आणि त्यांना ते नीटसं कळतही नव्हतं.

तेवढ्यात टेम्पो आला. औंधाहून नाही. फाट्यापर्यंतच गेला होता. ढाब्यावर चहाला थांबले, बाप्या मागं लघवीला जातो म्हणाला आणि आलाच नाही. टेम्पोवाल्यानं दोन हाका मारल्या आणि बाकीची पोरं पण जातील या भीतीनं गाडी सरळ माघारी आणली. त्या ढाब्यामागं काय मिळतं ते तालुक्याला ठाऊक होतं.

तात्या साहेबांना म्हणाले, किरकोळ बाब हाय साहेब, तुमी बसा.

सिंधूताई साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तुमची जीप द्या. महिना झाला, त्या पोरानं घेतलं न्हाई. आता जुन्या मापानं घेतलं तर त्यो मरंल." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "आवं तात्या, अनिलच्या येळला बी आपन किरकोळच म्हनलं व्हतं."

 सगळ्यांत आधी जीपमध्ये जाऊन बसले ते तात्या.

बाप्या ढाब्यामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला सापडला. मान छातीवर, ओठ निळसर, आणि घशातनं घोरल्यासारखा आवाज, तोही मधूनमधून. शेजारी दोन माणसं विड्या ओढत होती. म्हणाली, झोपलाय की. सिंधूताईंनी त्याला आडवा केला, हनुवटी वर केली, तोंडाला तोंड लावून श्वास भरला, परत भरला. मला म्हणाल्या, पिशवी. मी रुमाल सोडला. त्यांनी मांडीत सुई दिली आणि परत श्वास भरायला लागल्या. साहेब शेजारी गुडघ्यावर बसले होते, पँट चिखलात. हातात फाईल होती ती त्यांनी बाप्याच्या डोक्याखाली सरकवली.

बाप्या खोकला. डोळे उघडले आणि आम्हाला एक शिवी दिली. इतकी गोड शिवी मी परत ऐकली नाही.

पण सिंधूताई म्हणाल्या, घाई करा. सुईचा जोर आधी उतरतो, गर्दचा मागं राहतो, परत बुडेल. मिरजेच्या दवाखान्यापर्यंत जागा ठेवायचा. जीप सुटली. मागच्या सीटवर तात्या, त्यांच्या मांडीवर बाप्याचं डोकं. तात्या त्याला हुकूम सोडत होते, नाव सांग, गाव सांग, वस्तादाचं नाव सांग. थोडा वेळ सांगत होता. मग मान पडायला लागली, तात्यांच्या आवाजाला उत्तर येईना.

मी पुढच्या सीटवरनं वळलो आणि तंबाखू तोंडात धरल्यासारखी हाक मारली, "बाप्याऽ, टायर बगितलं का रं?"

पापण्या हलल्या. "व्हय वस्ताद."

"मागचं?"

"बगतो, वस्ताद."

मिरज येईपर्यंत मी त्या ट्रकचं एकेक टायर, नट, दोरी, ताडपत्री सगळं विचारून घेतलं. ताडपत्रीनंतर काही सुचेना तेव्हा परत पहिल्या टायरापासून सुरू केलं. आजवर पुष्कळ ठिकाणी टाळ्या घेतल्यात, पण इतका वेळ एकच नक्कल कधी केली नाही. घसा पुढं आठवडाभर बसला होता.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं डॉक्टर येऊन सांगून गेला, वाचला. साहेबांनी चिखल लागलेली फाईल मांडीवर घेतली, पेन काढलं आणि त्याच बारीक आवाजात, वर न बघता विचारलं, "गावात या कारणानं दगावलेले?"

तात्या बाकावरनं उठले. सवयीनं टाचा जुळवल्या. 

"एक, साहेब. माझा पोरगा. अनिल." मग फाईलकडं बघत, "झटका नव्हता त्यो."

साहेबांनी लिहिलं. मग विचारलं, आणखी? सिंधूताईंनी आणखी तीन नावं सांगितली. ती इथं देत नाही.

मंजुरी आली, पण सरकारी चालीनं आली. मधल्या काळात सिंधूताईंनी घरची म्हैस विकून कॉट चालू ठेवल्या. तात्यांच्या मुलीची सोयरीक मोडली नाही, पण लांबली, आणि पोराकडच्यांनी त्यावरनं जे काही ऐकवलं ते तात्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. बाप्या पुढं दोनदा घसरला. दोन्ही वेळा माप अर्ध्याहून कमी घेतलं आणि एकटा असताना घेतलं नाही, हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं. अभिमान वाटावा का, हे मला अजून ठरवता येत नाही. सध्या तो फाट्यावर पंक्चर काढतो. केंद्रात आता सुया कपाटात असतात, पिशवीत नाही.

आणि हा आत्ताचा मार्च. औंधाच्या बाजूला एका गावात मी तालीम घ्यायला गेलो. हल्ली तात्या माझ्याबरोबर येतात, त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. देवळासमोर सतरंजी टाकलेली, चाळीसभर माणसं, बायका कडेला पदर घेऊन. मी गॉगल लावला, खुर्चीकडं संशयानं बघितलं, पोरं हसली. पाणी विचारलं, वीज विचारली, जागा विचारली. सगळं छान चाललं. मग मी विचारलं, "गावात या कारणानं किती माणसं दगावली?"

 माणसं जमिनीकडं बघतात, ते मला आता पाठ झालंय. कुणीतरी म्हणालं, आमच्यात तसलं काही न्हाई साहेब.

मागच्या रांगेतनं तात्या उठले. त्या गावचे नाहीत, कुणी त्यांना ओळखत नाही. टाचा जुळवल्या.

"एक. माझा पोरगा," म्हणाले आणि खाली बसले.

 मग कडेला बसलेली एक बाई पदराआडनं हळूच म्हणाली, "आमच्यात बी एक हाय, साहेब."

मी गॉगल काढला नाही. साहेबाच्याच आवाजात विचारलं, "नाव काय त्याचं?"